ब्रेक डिस्कवरील गंज आणि साताऱ्यातील एक ब्रेक वर्कशॉप: सविस्तर अभिप्राय

पावसाळ्यात गाडीच्या ब्रेक डिस्कवर तांबूस थर दिसला की लगेच डिस्क बदलायला सांगणारी ठिकाणे साताऱ्यात आहेत, आणि आधी गाडी चालवून तो थर घालवू, मग चाक उघडू, असे सांगणारीही आहेत. गोडोली परिसरातील हे लहानसे वर्कशॉप दुसऱ्या प्रकारातले आहे. येथे मी पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकचे काम करून घेतले. काम उत्तम झाले, काही गोष्टी मात्र खटकल्या, आणि या दोन्ही बाजू तपशिलाने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण ब्रेकच्या बाबतीत ‘काम छान, माणसे चांगली’ एवढ्या अभिप्रायाचा वाचणाऱ्याला काहीच उपयोग होत नाही.

गाडी पेट्रोलवरची हॅचबॅक आहे, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. ऐन जुलैच्या झडीत ती सोसायटीच्या उघड्या जागेत बरेच दिवस उभी राहिली. अलॉय व्हील असल्यामुळे डिस्कवरचा गंज लांबूनही दिसत होता. साध्या लोखंडी चाकावर प्लॅस्टिकची कॅप असती तर तो कोणाच्या नजरेसही पडला नसता. गाडी बाहेर काढल्यावर सुरुवातीला घरघर आणि ब्रेक दाबताना ठपठप असा आवाज आला, तो मेढ्याच्या रस्त्यावर काही अंतर गेल्यावर कमी झाला. यवतेश्वरचा घाट उतरताना मात्र स्टिअरिंग थरथरत राहिले आणि पेडलवरही हलकी धडधड जाणवत राहिली. शहरातील एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवले, तर चाकाच्या फटीतून टॉर्च मारून ‘डिस्क गंजल्या आहेत, पॅडसह बदलाव्या लागतील’ असे सांगून आठ हजारांच्या आसपासचे अंदाजपत्रक हातात दिले. डिस्कची जाडी कोणी मोजली नाही आणि चाकही उघडले नाही. ब्रेकसारख्या गोष्टीत ग्राहक घाबरलेला असतो आणि सांगाल ते मान्य करतो. त्या घाबरण्यावर अंदाजपत्रक उभे राहू नये, असे मला मनापासून वाटते.

या वर्कशॉपमध्ये गेल्यावर तेथील मुख्य मिस्त्रींनी प्रथम गाडी किती दिवस उभी होती, कोठे उभी होती आणि हँडब्रेक ओढलेला होता का, एवढेच विचारले. मग म्हणाले, “ताई, आधी एक चक्कर मारून येऊ. चालवा तुम्हीच, मी शेजारी बसतो. चाक आल्यावर उघडू.” महामार्गाच्या सेवा रस्त्यावर, मागे वाहन नसल्याची खात्री करून, त्यांनी मला साधारण साठच्या वेगावरून दहा-पंधरापर्यंत वेग उतरवायला लावले, पूर्ण थांबू न देता पुन्हा वेग घ्यायला सांगितला आणि हे अनेकदा करवून घेतले, मधल्या काळात डिस्कला वारा लागेल इतके अंतर ठेवून. परत आल्यावर त्यांनी डिस्क दाखवली. ब्रेक दाबल्यावर डिस्क आवळणारा पॅड जेथे घासतो तो सगळा पट्टा पांढराशुभ्र झाला होता, बाहेरच्या कडेला तपकिरी गंज तसाच होता आणि चकचकीत भागात एके ठिकाणी पॅडच्या आकाराचा काळपट डाग उरला होता.

डिस्क बिडाची असते, हे त्यांचे पहिले स्पष्टीकरण होते आणि ते नेमके आहे. बहुतेक मोटारींच्या डिस्क करड्या बिडाच्या ओततात. त्यात सुमारे ३ ते ४ टक्के कार्बन असतो आणि त्याचा मोठा भाग ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात धातूत पसरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे बीड उष्णता लवकर वाहून नेते आणि ब्रेक लावताना होणारी कंपने जिरवते. गंजाला तोंड देण्याची शक्ती मात्र त्यात नसते. धुऊन न पुसता ठेवलेला बिडाचा तवा सकाळी तांबूस दिसतो, तसेच पावसात किंवा धुलाईनंतर उभ्या केलेल्या गाडीच्या डिस्कचे होते, आणि त्याला एक रात्रही पुरते. घासणाऱ्या पृष्ठभागावर रंग किंवा तेलाचा थर देता येत नाही, कारण पॅडची पकड त्या उघड्या धातूवरच अवलंबून असते. मोटारसायकलच्या डिस्क सहसा गंजताना दिसत नाहीत, कारण त्या प्रामुख्याने एका प्रकारच्या स्टेनलेस स्टीलच्या असतात. मोटारीचे वजन आणि तापमान पाहता तेथे बीडच सोयीचे ठरते, कारण ते त्या स्टीलच्या सुमारे दुप्पट वेगाने उष्णता वाहून नेते आणि स्वस्तही पडते. वरवरचा गंज हा इतका पातळ थर असतो की पॅड तो सहज खरवडून काढतो. त्यासाठी स्प्रे लागत नाही, पॉलिश पेपर लागत नाही आणि नवी डिस्क तर नाहीच नाही.

वर्कशॉपची खरी परीक्षा यापुढे होती, कारण थरथर अजून गेली नव्हती. चाक काढल्यावर मिस्त्रींनी डिस्क लगेच सोडवली नाही. दोन नट उलट्या बाजूने लावून डिस्क हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या फिरणाऱ्या भागावर, घट्ट धरली, डोलणे मोजणाऱ्या डायल गेजचा चुंबकी स्टँड बसवला आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. काटा ०.११ मिलीमीटर हलला. बहुतेक गाड्यांमध्ये ०.०५ ते ०.१० मिलीमीटरपर्यंतचे डोलणे चालते; त्यापुढे गेले की प्रत्येक फेऱ्यात पॅडला धक्का बसत राहतो आणि काही काळाने डिस्कची जाडीच जागोजागी कमी-जास्त होऊ लागते. पेडलची धडधड तेथून सुरू होते. जाडीतला दोन शतांश मिलीमीटरचा फरकही पायाला जाणवतो, हे त्यांनी सांगितले तेव्हा मला आश्चर्य वाटले. पण मायक्रोमीटरने डिस्कभोवती अनेक ठिकाणी जाडी मोजून त्यांनी ते आकडे मला दाखवले. माझ्या डिस्क सर्वत्र जवळजवळ सारख्याच, २०.९ मिलीमीटरच्या आसपास निघाल्या. डिस्कवरच कोरलेली किमान जाडी २० मिलीमीटर आहे. म्हणजे डिस्क बदलण्याचे कारणच नव्हते.

जाडी मोजण्याच्या बाबतीत एक बारकावा येथे पाहायला मिळाला, तो गाडी असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. वापरलेल्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला पॅड पोहोचत नाही, त्यामुळे तेथे न झिजलेली आणि गंजाने फुगलेली एक उंच कड तयार होते. साध्या व्हर्निअरचे जबडे या कडेवर टेकले, तर झिजलेली डिस्कही जाड दिसते. मिस्त्रींनी मायक्रोमीटर त्या कडेच्या आत, घासलेल्या पट्ट्याच्या मध्यावर लावला. कडेवरचे गंजाचे सुटे पापुद्रे त्यांनी आधी कानसेने उतरवले, कारण ते पॅडला घासत राहिले की खरखर थांबत नाही.

डिस्क हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी सुटली आणि दुखणे तेथे सापडले. हबच्या ज्या सपाट तोंडावर डिस्क टेकते, तेथे स्टडच्या मुळाशी गंजाचे खवले जमले होते. खवला नखाएवढाही नव्हता, परंतु तो मध्याजवळ असल्यामुळे त्याची तिरकी परिणती डिस्कच्या बाहेरच्या कडेवर जवळजवळ दुप्पट होऊन दिसते. त्यांनी तारेच्या ब्रशने, नंतर पॉलिश पेपरने, हबचे तोंड आणि डिस्कची आतली बाजू धातू दिसेपर्यंत साफ केली, बोट फिरवून पाहिले, डिस्क पुन्हा बसवली आणि डायल गेज लावला. काटा आता ०.०४ वर होता. या एका कामाने थरथरीचा मोठा भाग गेला आणि त्यासाठी खर्च झाला तो पॉलिश पेपरचा एक तुकडा आणि मिस्त्रींचा वेळ. नवी डिस्क याच गंजलेल्या हबवर चढवली असती, तर ती पहिल्या दिवसापासून डोलली असती आणि मग दोष नव्या डिस्कला लागला असता.

पॅडच्या आकाराचा जो डाग उरला होता, तो ओल्या पॅडखाली डिस्क अडकून राहिल्यामुळे पडतो. पॅडमधील द्रव्ये आणि ओलावा तेथे धरून राहतात आणि बीड थोडे खोलवर खाल्ले जाते. त्यावर त्यांनी पॉलिश पेपर गोलाकार, कोणत्याही एका दिशेने न ओढता फिरवला आणि नख फिरवून पाहायला मला सांगितले. नख अडकत नव्हते, म्हणून लेथवर मारण्याची गरज नाही असे ठरले. नख अडकले असते तर आधी जाडीत किती वाव आहे ते पाहून लेथचा विचार, आणि वाव नसेल तर नवी डिस्क, हा त्यांचा क्रम मला पटला.

पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर उघडल्यावर उजव्या चाकाची खालची पिन जाम निघाली. रबर बूट, म्हणजे पिनेवरचे रबरी आवरण, चिरलेले होते, त्यातून पाणी शिरले होते आणि पिनेवर गंज चढला होता. त्याचा पुरावा पॅडवरच होता, आतला पॅड ४ मिलीमीटरवर आला होता तर बाहेरचा ७ मिलीमीटर शिल्लक होता. सरकणाऱ्या कॅलिपरची पिन अडकली की आतला पॅड एकटाच झिजतो, चाक तापते आणि गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढू लागते. पिन साफ करून, नवे बूट बसवून, त्यांनी ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावले. नेहमीचे पिवळे ग्रीस का नाही, असे मी विचारले, तेव्हा खनिज तेलाच्या ग्रीसने हे रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते, असे उत्तर मिळाले. ते बरोबर आहे. पॅडचे कान ज्या ब्रॅकेटमध्ये सरकतात, तेथील गंजही त्यांनी कानसेने उतरवला. माझ्या मते या वर्कशॉपचे सर्वांत मोठे मोल येथे आहे. समोर दिसणाऱ्या डिस्कच्या तोंडावरच्या गंजाकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही, आणि जो डोळ्यांना दिसत नाही अशा तीन-चार जागांच्या गंजावर सगळा वेळ दिला.

ब्रेक क्लीनरचा वापर त्यांनी जपून केला. डिस्कच्या तोंडावर हाताचे ठसे आणि ग्रीस राहू नये म्हणून बसवणीनंतर एकदा स्प्रे मारला आणि न धागे सुटणाऱ्या फडक्याने पुसून घेतले. ब्रेक क्लीनर हे मळ आणि तेल विरघळवून उडून जाणारे द्रावण आहे. गंज काढण्याचे ते औषध नाही, ही गोष्ट बाजारातल्या जाहिराती स्पष्ट सांगत नाहीत. क्लोरीन असलेले क्लीनर वेल्डिंगच्या किंवा आगीच्या जवळ वापरले तर विषारी फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो, आणि क्लोरीन नसलेले क्लीनर ज्वालाग्राही असते. घरी वापरणाऱ्यांनी डब्यावरची सूचना वाचूनच ते हाती घ्यावे. गंज ‘बदलणारी’ फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाची द्रावणे ब्रॅकेटला, डिस्कच्या टोपीला (मधल्या उंच भागाला) चालतात, घासणाऱ्या तोंडाला कधीही नाही.

याच संदर्भात एक गोष्ट पोटतिडकीने लिहावीशी वाटते. आपल्याकडे अनेक वॉशिंग सेंटरवर गाडी धुतल्यानंतर गंज धरू नये म्हणून खालून डिझेल किंवा जुने ऑइल फवारतात. त्याचा फवारा डिस्कवर आणि पॅडवर बसतो. गंज लागत नाही हे खरे, पण ब्रेकही लागत नाही, आणि तेल प्यालेला पॅड पुढे कितीही पुसला तरी पूर्ववत होत नाही. डिस्कवर गंज दिसतो म्हणून घरातला गंजरोधक तेलाचा स्प्रे मारणारेही भेटतात. केळघरचा किंवा पसरणीचा घाट उतरणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा थेट जिवाशी खेळ आहे. या वर्कशॉपच्या भिंतीवर याविषयी मराठीत ठळक सूचना लावलेली आहे आणि त्याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक करायला हवे.

डिस्कची टोपी आणि बाहेरची कड त्यांनी उष्णतारोधक चंदेरी रंगाने रंगवून दिली. घासणारा पट्टा आणि हबला टेकणारी बाजू कागद चिकटवून झाकली होती. टेकणाऱ्या बाजूवर रंगाचा थर राहिला तर डिस्क पुन्हा डोलते. हे काम ऐच्छिक आहे आणि ते तसे स्पष्ट सांगूनच केले. पुढे कधी डिस्क बदलावी लागली तर जस्ताच्या पापुद्र्यांचा लेप दिलेली डिस्क घ्यावी, असा त्यांचा सल्ला आहे. तो लेप घासणाऱ्या तोंडावरून पहिल्या काही ब्रेकमध्येच निघून जातो, परंतु टोपी, कड आणि आतल्या वाऱ्याच्या खाचा यांना तो दीर्घकाळ वाचवतो.

आता खटकलेल्या गोष्टी. डाव्या चाकाचे काम हाताखालच्या कारागिराने केले आणि डिस्कवरची काळी धूळ त्याने हवेच्या पाइपने उडवली. ही धूळ अत्यंत बारीक असते, जुन्या किंवा हलक्या प्रतीच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकते, आणि ती दिवसभर त्या माणसाच्या फुप्फुसात जाते. ओले फडके किंवा क्लीनर वापरून ती ट्रेमध्ये उतरवता येते. मी हे मिस्त्रींना सांगितले, त्यांनी मान्य केले आणि त्याला मास्कही दिला. पण ग्राहकाने सांगण्याची वेळ येऊ नये. दुसरी गोष्ट, हबचे तोंड शतांश मिलीमीटरपर्यंत साफ करणाऱ्या या ठिकाणी शेवटी चाकाचे नट हवेच्या गनने आवळले जात होते. नट कमी-जास्त आवळले गेले तर चांगली डिस्कही तिरकी ओढली जाते. ठरावीक मापाने नट आवळण्याचा टॉर्क पाना भिंतीला टांगलेला होता. मागितल्यावर त्यांनी नट सैल करून, समोरासमोरच्या क्रमाने, कंपनीने दिलेल्या मापावर पुन्हा आवळले. हे न मागता व्हायला हवे.

बिलावर फक्त ‘पुढील ब्रेक सर्व्हिस’ एवढेच छापून आले होते. विनंती केल्यावर जाडी, डोलणे आणि पॅडची शिल्लक हे आकडे मागच्या बाजूला हाताने लिहून मिळाले. पुढच्या वर्षी तुलना करायला हेच आकडे लागतात, म्हणून जाणाऱ्यांनी ते आवर्जून मागून घ्यावेत. मजुरी दोन्ही चाकांची मिळून ९०० रुपये झाली. बूट, ग्रीस आणि क्लीनर वेगळे. आठ हजारांच्या अंदाजपत्रकाशी तुलना करण्याची आवश्यकताच नाही, परंतु चाक उघडून, मोजून आणि दाखवून केलेल्या कामाला ही रक्कम मला रास्त वाटते.

गंज पुन्हा धरू नये म्हणून त्यांनी जे सांगितले ते मी तेव्हापासून पाळत आहे आणि त्याचा उपयोग दिसतो. गाडी धुतल्यावर किंवा पावसातून आल्यावर शेवटच्या टप्प्यात, रस्ता मोकळा पाहून, काही वेळा हलका ब्रेक दाबून डिस्क कोरडी करावी आणि मगच उभी करावी. तापलेल्या डिस्कवर गार पाण्याचा जोराचा फवारा मारू नये. गाडी अनेक दिवस उभी राहणार असेल आणि जागा सपाट असेल, तर हँडब्रेक न ओढता ती गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. ओल्या ड्रममध्ये लायनर (ड्रमला आतून घासणारी पट्टी) चिकटून बसण्याचा त्रास याने टळतो. उतारावर मात्र हँडब्रेक ओढलाच पाहिजे, तेथे चिकटलेला लायनर परवडतो. प्लॅस्टिकचे कव्हर खालपर्यंत बांधले तर आतला दमटपणा कोंडून राहतो, म्हणून पावसाळ्यात चाके उघडी राहतील असे पाहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन-चार दिवसांआड गाडी थोडी तरी चालवावी. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांना हे अधिक लागू आहे, कारण त्यांत वेग कमी करण्याचे बरेच काम मोटरच करते, पॅड डिस्कला क्वचित लागतो आणि गंज साचत जातो. मुद्दाम जोराचे ब्रेक अधूनमधून दाबणे त्यांना आवश्यक आहे.

हे सगळे पावसात उभ्या राहिलेल्या गाडीपुरते आहे. २०१९ आणि २०२१ साली कृष्णेच्या पुरात सांगलीकडील कित्येक गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. तशा गाडीची डिस्क चालवून चकचकीत करून भागत नाही. गाळ कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत, बेअरिंगमध्ये आणि ड्रमच्या आत जातो, आणि ब्रेक ऑइलही बदलावेच लागते. ती गाडी सुरू न करता टो करून आणावी, असे हे वर्कशॉप फोनवरच सांगते आणि तिच्यासाठी दिवसभराचा वेळ मागून घेते.

मागच्या ड्रमचे काम मी अजून केलेले नाही. त्यासाठी पावसाळ्याआधी, मे महिन्यातच यावे, असे त्यांनी सांगितले आहे. ड्रमच्या आतल्या कडेला गंजाची रिंग धरली असेल तर तो ओढून काढताना लायनर तुटू शकतो, त्यामुळे हे काम घाईत घेत नाहीत आणि गाडी अर्धा दिवस ठेवून घेतात. चाचणीची चक्कर दिवसाउजेडी व्हावी म्हणून दुपारी चारनंतर ब्रेकचे नवे काम स्वीकारले जात नाही. तेव्हा मेढा, कोरेगाव किंवा वाईकडून येणाऱ्यांनी आधी फोन करून सकाळचीच वेळ घ्यावी.